घेणाऱ्याचं नाव नंतर

नीलेशने सलीमभाईंच्या कानाखाली मारली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले होते. पोलीस चौकी होती, समोर हवालदार होते, पलीकडे सलीमभाईंची सून रुबिना होती, आणि कुणीही वेळेत उठलं नाही. चष्मा उडून टेबलाखाली गेला. मार खाणारा चौसष्ट वर्षांचा, मारणारा पंचवीसचा.

"माझी आई गेली," नीलेश म्हणाला. ओरडला नाही. "बहीण अजून शुद्धीवर नाही. आणि तुम्ही पोराला पाठीशी घालताय."

"मी कुणाला पाठीशी घालत नाही," सलीमभाई म्हणाले. "गाडी मी विकली. सात महिने झाले."

"कुणाला विकली?"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. घेणाऱ्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसावं अशी व्यवस्था मी माझ्या हाताने केली होती.

मी आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसते. अठ्ठावीस वर्षं झाली. शिक्षण चौथी. नवरा एजंट होता. तो गेल्यावर टेबल रिकामं ठेवलं असतं तर तेराव्याच्या आत दुसरा कुणी येऊन बसला असता, म्हणून दहाव्याचा स्वयंपाक जावेवर टाकून मी तिथे जाऊन बसले. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. त्यांच्यातलं कुणी माझं घर चालवणार नव्हतं. पहिले सहा महिने मी फॉर्म चित्रासारखे पाठ केले, कुठल्या रकान्यात काय येतं ते. इंग्रजी अक्षरं नंतर आली. आता तरणे वकीलसुद्धा मला विचारून जातात आणि रस्त्यात भेटले की ओळख दाखवत नाहीत.

लोकांना वाटतं, गाडी विकली म्हणजे पैसे घेतले, किल्ली दिली, संपलं. गाडी कुणाची हे किल्ली ठरवत नाही, कागद ठरवतो. विकणाऱ्याने एकोणतीस नंबरचा फॉर्म भरून सरकारला कळवायचं, की मी ही गाडी अमक्याला विकली. तीस नंबरच्या फॉर्मवर विकणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या. गाडीवरचा चेसीस नंबर कागदावर पेन्सिलीने घासून उतरवायचा आणि तो छाप फॉर्मला चिकटवायचा. या सगळ्या जुडीला आमच्याकडे टीटी म्हणतात. टीटी म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हल्ली बरंचसं मोबाइलवर होतं, तरी कागद काही सुटलेला नाही. ही जुडी कचेरीत जाऊन नोंद होईपर्यंत गाडी विकणाऱ्याचीच. ती कुणाला उडवो, सिग्नल तोडो, चोरीचा माल वाहो, पोलीस विकणाऱ्याच्या दारात येतात.

हे सगळं माहीत असून आम्ही काय करतो, तर ओपन टीटी करतो. विकणाऱ्याच्या सह्या घ्यायच्या, फोटो लावायचा, आधारची झेरॉक्स जोडायची, आणि घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरी सोडायची. जुन्या गाड्यांच्या दलालाला ते सोयीचं असतं. तो गाडी घेतो पण स्वतःच्या नावावर कधीच करत नाही. पुढचं गिऱ्हाईक मिळालं की कोरा फॉर्म त्याच्या हातात देतो. त्याने तो भरला तर भरला. नाही भरला तर तो तिसऱ्याला देतो. गाडी चार हातांतून फिरते आणि कागदावर पहिलाच माणूस उभा राहतो.

मी असे किती फॉर्म भरले ते मला सांगता येणार नाही. "इथे सही करा, इथे करा, इथेही. बाकीचं राहू दे, ते भरून घेतील." हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन.

एकच माणूस मला नडला होता. शनिवार पेठेतले एक निवृत्त मास्तर, स्कूटर विकायला आले होते. मी बोट ठेवलं तिथे सही करायला तयार नाहीत. म्हणाले, "अहो बाई, लग्नपत्रिका नवऱ्याची जागा मोकळी सोडून छापतात का? आधी नाव लिहा, मग सही." घेणाऱ्याला त्यांनी समोर उभं केलं, त्याच्याकडून गाडी ताब्यात मिळाल्याची चिठ्ठी लिहून घेतली. तारीख, वार, किती वाजून किती मिनिटं, गाडी किती किलोमीटर चालली, सगळं त्यात. घेणाऱ्याने चिठ्ठीत 'स्कूटर' ऱ्हस्व लिहिलं तर तेही दुरुस्त करायला लावलं. एक तास गेला माझा. ते गेल्यावर आम्ही सगळे एजंट पोट धरून हसलो. मी त्यांची नक्कल करून दाखवायचे. पुढे कितीतरी वर्षं दाखवत होते.

सलीमभाईंनी तीस वर्षं मार्केट यार्डात टेम्पो चालवला. त्यांचे वडीलही तिथेच हमाली करायचे. त्या टेम्पोवर एक दंड नाही की एक ओरखडा नाही. पासिंगच्या आदल्या दिवशी स्वतः धुऊन आणायचे. मला ताई म्हणतात. साखरेने डोळे अधू झाले तेव्हा स्वतःच म्हणाले, आता चालवणं बरोबर नाही, कुणाला तरी धक्का लागायचा. मुलगा इम्रान दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे, त्याला हा जुना नको होता. म्हणून विकला. दलाल ओळखीचा. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला फुकटची जाहिरात कशाला. तो सलीमभाईंना घेऊन माझ्याच टेबलाशी आला. सलीमभाईंनी विचारलं होतं, "ताई, हे कोरं राहिलं की." मी म्हटलं, "घेणाऱ्याचं नाव नंतर. ते भरून घेतील." ताबा दिल्याची चिठ्ठी घेतली का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही घेतली नाही. ओळखीच्या माणसाकडे चिठ्ठी काय मागायची, असं त्यांना वाटलं. हे भिडेचं खातं आपल्याकडे फार. दहा रुपयांची मेथी घेताना जुडी उलटीपालटी करून बघतील, आणि गाडी विकताना चिठ्ठी मागायला लाजतील.

दोन महिन्यांनी ते परत आले. मोबाइलवर दंडाचे मेसेज येत होते. सिग्नल तोडला, पांढऱ्या पट्टीच्या पुढे गाडी उभी केली. मी म्हटलं, येऊ देत, गाडी नावावर झाली की थांबतील. आणखी दोन महिन्यांनी पुन्हा आले. त्या दिवशी टेबलाशी गर्दी होती. मी मान वरसुद्धा केली नाही. तेच सांगितलं. त्या दिवशी मी त्यांना आत नेऊन, गाडी विकली असा लेखी अर्ज द्यायला लावला असता तर अर्धा तास लागला असता. मी माझा अर्धा तास वाचवला.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे नीलेशची आई कमलबाई आणि बहीण वंदना झेंडू आणायला मार्केट यार्डाकडे स्कूटरवरून निघाल्या होत्या. कमलबाईंचं शनिवार पेठेत हारांचं छोटं दुकान. एका चौकात टेम्पो आडवा आला. दोघी पडल्या. टेम्पो पळाला. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात नंबर आला, आणि नंबरावरून पोलीस सलीमभाईंच्या घरी गेले.

सलीमभाई त्या वेळी मशिदीत होते. चार माणसं तसं सांगायला तयार होती. हवालदार म्हणाले, ठीक आहे, तुम्ही चालवत नव्हता. मग कोण चालवत होतं त्याचं नाव द्या. मालकाला ते द्यावं लागतं, कायदा तसा आहे. गाडी विकली म्हणता, तर कुणाला विकली ते दाखवा. सलीमभाईंनी दलालाचं नाव सांगितलं, पण दाखवायला कागद काहीच नव्हता. पोलिसांनी साधा हिशोब मांडला. टेम्पो बापाच्या नावावर, मुलगा टेम्पोचा ड्रायव्हर, आणि बाप चालवणाऱ्याचं नाव सांगत नाही. इम्रानला आत घेतलं. तो त्या पहाटे एकटाच दुसऱ्याचा टेम्पो घेऊन सासवडच्या रस्त्याला होता. एकट्याचं कोण ऐकणार?

रुबिनाने मला फोन केला. ती शाळेत शिकवते, मोजकं बोलते. म्हणाली, "मावशी, अब्बांच्या मोबाइलमध्ये त्या फॉर्मचा फोटो आहे. अक्षर तुमचं आहे. तुम्ही चौकीत या." विनंती नव्हती ती. मी गेले, आणि गेल्या गेल्या ती थप्पड बघितली.

चौकीतून मी थेट दलालाकडे गेले. तो खुर्चीत मागे रेलून चहा पीत होता. मी विचारलं, टेम्पो कुणाला दिलास? म्हणे, एकाला दिला, त्याने पुढे दिला, आता कुणाकडे आहे देव जाणे. त्या एकाचा फोन बंद. मी म्हटलं, चल चौकीत आणि हेच सांग.

"मी कशाला येऊ? माझं नाव आहे का कुठे?" तो म्हणाला. "मावशी, फॉर्म तर तुमच्याच हातचा आहे."

त्याच्या टेबलावर चहाचा कप होता, तो मी त्याच्या कागदांवर पालथा केला. त्यातून काही साधलं नाही, पण मला त्याचा पश्चात्ताप नाही. बाकी तो बोलला ते खरं होतं. नाव कुठेच येऊ नये म्हणूनच तर कोरं ठेवतात. त्याची अब्रू राखायचं काम मी इतकी वर्षं करत आले होते आणि त्याला मी धंदा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई आणि रुबिना माझ्या टेबलाशी आले. मी रुबिनाला म्हटलं, ते दंडाचे मेसेज काढ. तिने एकेक उघडला. प्रत्येकात टेम्पोचा फोटो, जागा आणि वेळ. पाच होते. त्यातले तीन एकाच चौकातले, सकाळी सहा ते साडेसहाच्या मधले. ड्रायव्हरचं तोंड कशातच नीट दिसत नव्हतं. रुबिना म्हणाली, याने काय होणार, मावशी. मलाही काही दिसत नव्हतं.

सलीमभाईंनी मोबाइल नाकाशी नेला. डोळ्यांनी अधू माणूस, पण त्यांना ड्रायव्हर बघायचाच नव्हता. ते मागचा माल बघत होते.

"ओली पोती टाकलीत वरून," ते म्हणाले. "म्हणजे पालेभाजी आहे. पाला पहाटे यार्डात येतो. हा यार्डातून बाहेर चाललाय. हा खरेदी करून हॉटेलांना पोचवणारा माणूस आहे." मग म्हणाले, "ही पोती भिजवून देतो कोण, ते मला माहीत आहे."

आम्ही तिघं रिक्षाने मार्केट यार्डात गेलो. पालेभाजीच्या बाजूला पोती भिजवून देणारा एक म्हातारा हमाल बसलेला. सलीमभाईंना बघून उठून उभा राहिला. आम्ही टेम्पोचा नंबर सांगायच्या आत तोच बोलायला लागला. "काय सलीमभाई, तुमची गाडी लई दिवसांत दिसली न्हाय. दत्ता आजारी हाय का?"

"कोण दत्ता?" मी विचारलं.

"आता काय सांगावं," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "ह्यांचीच गाडी चालवतोय की चार महिने झालं. आमाला वाटलं, भाईंनीच ठेवलाय."

आजूबाजूचे दोघंतिघं जमले. सगळ्यांना दत्ता माहीत होता. त्याचं गाव माहीत होतं, शहराच्या कडेचं. त्याने टेम्पो कितीला घेतला तेही एकाला माहीत होतं. दसऱ्यापासून तो फिरकला नाही हेही माहीत होतं. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं की गाडी कोण चालवतो. फक्त कागदाला ठाऊक नव्हतं, आणि एका बाईचा जीव घेतल्याबद्दल कागद एका निरपराध पोराला आत घालत होता.

मला तिथे फार राग आला. रुबिनाने मला पाणी दिलं. मी तिला म्हटलं, मला कसलं पाणी देतेस, चल चौकीत.

पोलिसांना टेम्पो त्याच संध्याकाळी मिळाला. दत्ताच्या गोठ्यामागे, ताडपत्रीखाली, पुढचा दिवा फुटलेला. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत माझा फॉर्म होता. सलीमभाईंच्या सह्या, सलीमभाईंचा फोटो, माझं अक्षर, आणि घेणाऱ्याचा रकाना अजून कोरा. दत्ता काय म्हणाला ऐका. गाडी माझी नाहीच साहेब, कागद बघा, सलीमची आहे. त्या दिवशी त्याचा पोरगाच घेऊन गेला होता, आणि अपघात झाल्यावर इथे आणून लावली.

म्हणजे तोच कोरा फॉर्म आता त्याची ढाल झाला. पोलिसांपुढे दोन ड्रायव्हर, दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवणारे. यार्डातले हमाल सांगत होते की रोज दत्ता चालवायचा. पण दसऱ्याच्या आदल्या पहाटे कोण चालवत होतं, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मी लेखी जबाब दिला. फॉर्म मी भरला, रकाना माझ्या सांगण्यावरून कोरा राहिला, दलाल अमुक, तारीख अमुक. दलालाचं नाव तिथे मी पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट. सही करायच्या आधी सगळे रकाने भरलेत का ते दोनदा तपासलं. हवालदार म्हणाले, मावशी, हे तुमच्यावर शेकेल. मी म्हटलं, शेकू दे. दुसऱ्या दिवशी लाइनीतले एजंट माझ्याशी बोलेनात. एक जण ऐकू येईल असं म्हणाला की म्हातारीने सगळ्यांच्या पोटावर पाय दिला. तो बरोबर बोलला. माझ्या पोटावरही दिला. ओपन टीटी मी त्या दिवसापासून करत नाही, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या टेबलाशी जातात. तिथे ते काम चहा थंड व्हायच्या आत होतं.

पण माझ्या जबाबाने इम्रान सुटत नव्हता. गाडी विकली एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. त्या पहाटे ती गाडी चालवणारा माणूस पाहिलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस आयसीयूत नळ्या लावून पडलं होतं.

रुबिना रोज हॉस्पिटलच्या दाराशी जाऊन उभी राहायची. नीलेश तिला हाकलायचा. ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. मी तिला म्हटलं, कशाला अपमान करून घेतेस. ती म्हणाली, ती वाचली पाहिजे, मावशी. मला विचारलं तर मी म्हणेन, माझ्या नवऱ्यासाठी. पण ते खरं नाही, नुसतीसुद्धा वाचली पाहिजे.

नवव्या दिवशी वंदना शुद्धीवर आली. आणखी दोन दिवसांनी बोलली. पोलिसांनी तिला फोटो दाखवले. तिने इम्रानचा बाजूला सारला आणि दत्ताच्या फोटोवर बोट ठेवलं. म्हणाली, हा खाली उतरला होता. आमची स्कूटर त्याच्या चाकात अडकली होती. त्याने ती ओढून काढली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी हाक मारली. मग गाडीत बसला आणि गेला.

इम्रान घरी आला. दत्तावर खटला चालू आहे. दलालाचीही चौकशी झाली, पण तो अजून त्याच खुर्चीत बसतो. नवी खुर्ची घेतली म्हणतात. नीलेश एकदा सलीमभाईंच्या घरी गेला. सलीमभाईंनी चहा दिला, तो त्याने पिऊन टाकला आणि उठला. माफी मागितली का, असं लोक मला विचारतात. नाही मागितली. सलीमभाईंनाही नको होती. ते आता यार्डात जात नाहीत, मोबाइल वाजला की रुबिनाकडे देतात.

उन्हाळ्यात वंदना माझ्या टेबलाशी आली, कुबड्या घेऊन. स्कूटर आईच्या नावावर होती. मालक मेला की एकतीस नंबरचा फॉर्म लागतो, वारसाच्या नावावर करायला. मी विचारलं, त्या सांगाड्याचं काय करणार आहेस, भंगारात टाक. भावाचंही तेच म्हणणं होतं, ती म्हणाली, पण तिला ती दुरुस्त करून ठेवायची होती. मी म्हटलं, आईची आठवण म्हणून का? मला असल्या गोष्टींचा कंटाळा येतो, म्हणून जरा कडक विचारलं.

"मी चालवत होते, मावशी," ती म्हणाली.

मी फॉर्म घेतला. गाडीचा नंबर, चेसीस नंबर, मयत मालकाचं नाव, मृत्यूची तारीख, अर्जदाराचं नाव, मयताशी नातं. एकही रकाना सोडला नाही. तिने सही केली.

स्कूटरवर दोघी होत्या. मागे बसलेल्या कमलबाई गेल्या. चालवणारी वंदना वाचली.